थांबाकाका

बोर्डीत बंदूक बाळगणारी माणसं मोजकी आणि बंदुकीला घाबरणारी पुष्कळ. या दोन्ही गटांत एकाच वेळी मोडणारा माणूस मात्र एकच. कागदोपत्री त्यांचं नाव वेगळं आहे. पण समुद्रकाठच्या सुरूच्या बागेपासून घोलवड स्टेशनापर्यंत कुणालाही विचारा, तो त्यांना थांबाकाका म्हणूनच ओळखतो. त्यांच्या तोंडून निघणारा पहिला शब्द तोच असतो. रिक्षावाल्याने किल्ली फिरवली की ‘थांबा’. काकूंनी कुकरच्या झाकणाला हात लावला की ‘थांब’. एका लग्नात मंगलाष्टकं संपली, भटजींनी खूण केली, वऱ्हाडाने अक्षतांच्या मुठी उचलल्या, आणि मागून आवाज आला, ‘थांबा! व्हिडिओवाला रेषेत उभा आहे.’ त्या लग्नाच्या व्हिडिओत ऐन मुहूर्ताला नवरा, नवरी, दोन्हीकडचे मामा आणि भटजी असे सगळे भलत्याच दिशेला बघताना दिसतात. ती काकांची दिशा.

वय सत्तरीच्या पुढे. अंगात गंजीफ्रॉक, खाली खाकी अर्धी चड्डी आणि गळ्यात दोरीला लटकलेले दोन चष्मे: एक वाचायचा, दुसरा बार काढायचा. कानात घालायचे कापसाचे बोळे उजव्या खिशात. काडेपेटी त्यांच्या अंगावर कधी सापडणार नाही. देवापुढची उदबत्तीसुद्धा काकूच लावतात. विडी ओढणारा कुणी ओसरीची पायरी चढला, की काका स्वतः खाली उतरून, त्याची विचारपूस करत करत, त्याला चिकूच्या चौथ्या झाडापर्यंत पोचवून येतात. तिथून पुढे त्याने काय ओढावं हा त्याचा प्रश्न.

वाडी चिकूचीच, काळीपत्ती जातीची. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वटवाघळांनी ते फार आधीच देऊन टाकलं होतं. फळ तयार झालं की रात्री त्यांच्या झुंडी उतरतात, अर्धं खातात आणि अर्धं खाली टाकतात. दिवसपाळी पोपट करतात. या दोन्ही पाळ्यांच्या बंदोबस्तासाठी काकांच्या वडिलांनी ठासणीच्या बंदुकीचा परवाना काढला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी अशी बंदूक मागणाऱ्याची सोय वेगळी लिहून ठेवलेली आहे. परवाना मूळचा ठाण्याचा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आपली फाइल नव्या जिल्ह्यात सुखरूप पोचेल ना, या काळजीने काका कित्येक रात्री झोपले नाहीत. वाडीत त्या रात्री पहाऱ्याला माणूस होता, असं वटवाघळांच्या मात्र लक्षात आलं नाही.

बंदूक तशी गमतीची आहे. घाट दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा, पण बनली काकांच्या तरुणपणी, बिहारातल्या मुंगेरला. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू, मग बोळा, मग छरे, वर आणखी बोळा, आणि सगळं गजाने ठासायचं. मागे कानावर तांब्याची केप बसवायची. चाप ओढला की घोडा केपवर पडतो, ठिणगी कानातून आत जाते आणि बार निघतो. असल्या जुन्या घाटाच्या नव्या बंदुका परदेशात हौसेखातर बनतात. इटलीतलं गार्दोने व्हाल त्रोम्पिया हे गाव त्यासाठी नावाजलेलं आहे. आपल्याकडे त्या डुकरांपायी, पोपटांपायी आणि वटवाघळांपायी बनत राहिल्या. तिकडचे हौशी लोक त्यांना इतिहासाची नक्कल म्हणतात. काका तिला ‘ही’ म्हणतात. काकूंनाही ‘ही’च म्हणतात. त्यामुळे ‘हिला कोमट पाण्याने पुसून, तेल लावून आडवी ठेवलीय’ असं काका फोनवर सांगतात तेव्हा पलीकडचा माणूस घाईघाईने विषय बदलतो.

हा माणूस जन्मतः असा नव्हता. त्याला कारण ठरली ती आजोबांची बंदूक. तीही परवान्यावरचीच, पण निवृत्त. झोपाळ्याच्या वरच्या भिंतीवर आडवी टांगलेली. खंडेनवमीला तिला झेंडू वाहायचे, हळदकुंकू लावायचं, आणि वर्षभर घरातल्या पोरांनी स्टुलावर चढून तिचा घोडा मागे ओढून ‘ठो’ करायचं, असा कुळाचार होता. नवी बंदूक घरात आली तेव्हा विकणाऱ्याने एक रीत दाखवली. गज नळीत सोडायचा, तोंडापाशी बोटाने खूण धरायची, मग तोच गज बाहेर काढून नळीला समांतर लावून बघायचा. कानापर्यंत पोचला तर बंदूक रिकामी. अलीकडेच थांबला तर आत काहीतरी आहे. तरुण काकांनी नव्या बंदुकीवर ही रीत करून पाहिली आणि उत्साहाच्या भरात भिंतीवरची जुनीही खाली काढली.

गज चार बोटं अलीकडे थांबला.

आजोबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण त्यांची शेवटची शिकार अजून व्हायची होती. कुठल्यातरी संध्याकाळी बार ठासून ते रानात गेले असणार, काही मिळालं नसणार, आणि तशीच भरलेली बंदूक त्यांनी खुंटीला लावली असणार. तिच्याखाली झोपाळ्यावर बसून दोन सोयरिकी जुळल्या, एक मोडली, आणि अख्खी पिढी ‘ठो’ करत मोठी झाली. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही. २००८ साली अमेरिकेत व्हर्जिनियात एक संग्राहक यादवी युद्धातला तोफगोळा साफ करत होता. तो गोळा जवळजवळ दीडशे वर्षांनी फुटला आणि माणूस गेला. काकांना हे पुढे कळलं, पण ऐकून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्या घरच्यांनी तेव्हा बंदुकीला हात न लावता परवानाधारक दुरुस्तीवाला बोलावला. त्याने आधी आतली दारू पाण्याने पुरती भिजवून मारली आणि मगच बार उपसून काढला. तो येईपर्यंत सगळं घर गोठ्यात झोपलं. गोठ्यातून परत आले ते थांबाकाका.

तेव्हापासून त्यांचं पहिलं कलम ठरलं: बंदूक रिकामी आहे हे कुणाच्याही सांगण्यावर मानायचं नाही, स्वतःच्या सांगण्यावर तर मुळीच नाही. सकाळी स्वतः तपासून कपाटात ठेवलेली बंदूक संध्याकाळी बाहेर काढताना ते पुन्हा गज घालून बघतात. ‘मधे कोण भरणार हो? किल्ली तुमच्या जानव्याला!’ काकू म्हणतात. काका उत्तर देत नाहीत. भिंतीवर बंदुकीची खुंटी अजून आहे. तिच्याकडे फक्त बघतात.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा. लोकशाही जसजशी खोलवर रुजली तसतशी काकांची बंदूक घराबाहेर राहू लागली. इतर परवानेवाले बंदूक टेबलावर ठेवतात, पावती घेतात आणि जातात. काका टेबलावर ठेवण्याआधी थांबतात. नळीचं तोंड कुणाकडे नाही हे पाहतात, कोपऱ्यातल्या फायली हलवायला लावतात, गज घालून दाखवतात, हवालदारालाही घालून बघायला लावतात आणि मग विचारतात, ‘तुमची खात्री झाली? तोंडाने म्हणा.’ हवालदार तोंडाने म्हणतो. बदलून आलेला नवा हवालदार हसतो. त्याला जुना हवालदार कोपराने ढोसून सांगतो, ‘म्हण बाबा. नाहीतर पहिल्यापासून सुरू करतात.’

आता प्रत्यक्ष बार. काका वटवाघळांवर छरे सोडत नाहीत. फक्त दारू आणि बोळा, म्हणजे नुसता आवाज. पण नुसता आवाज म्हणून विधी कमी होत नाही. संध्याकाळी पहिलं वटवाघूळ दिसलं की काका उठतात. चष्मा बदलतात. कानात बोळे घालतात, त्यामुळे यापुढे काकूंचं काही ऐकू येत नाही. हा फायदा ते नाकारत नाहीत. नवजात बाळाला न्हाणीतून आणावं तशी बंदूक दोन्ही हातांवर घेऊन अंगणात येतात. गज घालून बघतात. मग नुसत्या केपा उडवून कानातलं तेल-ओल घालवतात, नळीच्या तोंडापुढचं गवताचं पातं हललं की वाट मोकळी आहे असं समजतात. इतक्यात पहिली फांदी रिकामी झालेली असते.

मग दारू. दारूच्या शिंगातून थेट नळीत ओतणारा माणूस दिसला तर काका त्याच्याशी सोयरीक करणार नाहीत. आधीच्या बाराची ठिणगी नळीत धुमसत असली तर शिंगातल्या दारूपर्यंत आग पोचते आणि शिंग हातात फुटतं. म्हणून शिंगातून मापात, शिंगाला बूच, शिंग दहा पावलं लांब, आणि मग मापातून नळीत. माप किती? कारखान्याने लिहून दिलंय तेवढं. ‘चिमूटभर जास्त टाकली तर आवाज मोठा येईल,’ असं सुचवणाऱ्या पाहुण्याला काका जेवायला थांबवून घेतात आणि आमटीत मीठ जास्त पडल्यावर काय होतं हे त्याला दाखवतात. काकूंना हे आधी सांगितलेलं नसतं, त्यामुळे पुढचं भांडण पाहुण्यासमोरच होतं.

ठासताना तोंड नळीवर आणायचं नाही. गज तळहाताने दाबायचा नाही; बोटांच्या चिमटीत, थोडा थोडा. चुकून बार निघालाच तर गज सुटून जाईल, तळहातातून जाणार नाही. बोळा दारूवर नीट टेकला पाहिजे. मधे पोकळी राहिली तर नळी फुगते, फाटतेही. म्हणून गजावर दोन खाचा आहेत, एक रिकाम्या नळीची आणि एक नेमक्या ठासलेल्या बाराची, आणि काका रोज त्या खाचेकडे टपालाचा शिक्का तपासल्याच्या गांभीर्याने बघतात. यानंतर बघ्यांची रांग. बघे मागे, बाजूला नाही. केपचे तुकडे बाजूला उडतात. बघे बहुधा वाडीतले वारली मजूर आणि त्यांची पोरं. ती आपापली जागा ओळखून असतात आणि नवीन पाहुण्याला दंडाला धरून मागे ओढतात. जळका बोळा पाचोळ्यात पडेल म्हणून पाण्याची बादली. सगळ्यात शेवटी, नळी आभाळाकडे झाल्यावर, केप.

या वेळेपर्यंत वटवाघळं जेवून, आचवून, शतपावलीला निघालेली असतात. काका रिकाम्या झाडाखाली बार काढतात. पांढऱ्या धुराचा मोठा लोट उठतो, कुत्री भुंकतात आणि समुद्रावर फिरायला आलेले मुंबईचे पर्यटक ‘कुणाचं लग्न आहे?’ असं विचारतात.

या खेळात काकूंचा स्वतःचा पक्ष आहे. त्या म्हणतात, वटवाघळांना पळवायला डबा वाजवला तरी पुरतो. एकदा काका मापाशी पोचले असताना काकूंनी रागाने रिकामा पत्र्याचा डबा आणि उलथनं उचललं. काका ओरडले, ‘थांब! आधी डबा रिकामा आहे का बघ.’ काकूंनी बघितलं नाही, वाजवला. झाकण उडालं आणि पावसाळ्यासाठी भरून ठेवलेले सुके बोंबील अंगणभर पसरले. वटवाघळं पळाली हे खरं. पण वाडीतली सगळी मांजरं आली. काका एक शब्द बोलले नाहीत. गज उचलून त्यांनी डब्यात घातला आणि आता तो खरोखर रिकामा आहे याची नोंद घेतली.

बार न निघणं हा काकांच्या आयुष्यातला सर्वांत आवडता प्रसंग. केप फुटते, नळी गप्प. सामान्य माणूस लगेच बंदूक खाली घेऊन नळीत डोकावतो. काका पुतळा होतात. नळी होती त्याच दिशेला धरून मनातल्या मनात मारुतीस्तोत्र सुरू करतात. जाणकार एक-दोन मिनिटं थांबायला सांगतात. काकांचं स्तोत्र पुरतं संपल्याशिवाय हात हलत नाही, आणि मधेच कुणी बोललं तर ते पहिल्यापासून म्हणतात. कुणी हसलं की ते वसई सांगतात. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईच्या तटाखाली सुरुंग पेरले. काही उडाले, तट फुटला, मावळे खिंडारात घुसले, आणि न उडालेला सुरुंग उशिरा उडाला. आपलीच शेकडो माणसं गेली. ‘वसई घेतली ना पण?’ ऐकणारा म्हणतो. ‘घेतली,’ काका म्हणतात, ‘पण मारुतीस्तोत्राएवढं थांबले असते तर जास्त जणांनी घेतली असती.’

हा नियम ते बंदुकीपुरता ठेवत नाहीत. स्कूटर किक मारून सुरू झाली नाही तर ते खाली उतरून तिच्या मागे उभे राहतात. पुतण्याच्या लग्नाच्या वेळी मुलीकडून होकार-नकार काहीच येईना. घरातले म्हणू लागले, दुसरं स्थळ बघू. काका म्हणाले, ‘थांबा. केप फुटलीय. जवळ जाऊ नका आणि तोंड फिरवू नका.’ दोन महिन्यांनी होकार आला. लग्नात काका नवरीच्या बाजूला उभे राहिले नाहीत, मागे राहिले.

बंदुकीच्या साफसफाईवरून घरात रोजचं युद्ध. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढून घेते आणि लोखंड खाते. त्यात बोर्डीची खारी हवा. म्हणून बार निघाला त्याच रात्री गरम पाणी, साबण, फडकं, मग कोरडं फडकं, मग तेल. गरम पाणी चुलीवर चहाच्या पातेल्यात तापतं. ‘जावयाच्या चहाला गंधकाचा वास येतो हो,’ काकू म्हणतात. ‘गंधक रक्ताला चांगला,’ काका म्हणतात. जावई हल्ली सरबत मागतो.

शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी पोरांनी एकदा ठासणीच्या बंदुकीची हुबेहूब नक्कल मिळवली आणि चौकात बार काढायचं ठरवून काकांकडे ‘फक्त दारू कशी भरायची तेवढं सांगा’ म्हणत आली. काकांनी त्यांना बसवलं. आधी कायदा सांगितला: नक्कल असली तरी बार निघत असेल तर ती बंदूकच, परवाना लागतो; आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून मिरवणुकीत आनंदाने बार काढून कुणाच्या जिवाला धोका केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोरं म्हणाली, नक्कल शोभेचीच आहे, कान पाडलेलाच नाही. ‘मग कान पाडणार कोण?’ काकांनी विचारलं. एका पोराने आपल्या ड्रिल मशिनकडे अभिमानाने पाहिलं. काका उठले आणि शोभेची नळी का फाटते, तपासणीचा शिक्का म्हणजे काय, कारखाना दुप्पट-तिप्पट बार भरून नळीची परीक्षा कशी घेतो, हे सांगू लागले. चौथ्या कलमाला निम्मी पोरं उठली. सातव्याला ड्रिलवाला एकटाच उरला, तोही काकूंनी पोहे दिले होते म्हणून. मिरवणुकीत लेझीम झालं, फार छान झालं. चौकात दहा बोटांचे दहा नारळ फुटले. दहा बोटं हे काकांचं माप आहे. गावात कुणी त्यांच्या बंदुकीची टिंगल केली की ते दोन्ही पंजे पसरून दाखवतात. ‘मोजा,’ म्हणतात.

काकांची खरी परीक्षा मात्र अमेरिकेतल्या इंडियानात झाली. होकाराची वाट बघितलेला तो पुतण्या तिथल्या कोलंबस गावी नोकरीला. जवळच फ्रेंडशिप नावाच्या खेड्यात १९३३ पासून चालत आलेल्या ठासणीवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं मैदान आहे. तिथे दरवर्षी मोठे मेळावे भरतात. पुतण्या एकदा बघायला गेला आणि इटालियन बनावटीची केपवाली रायफल मागवून बसला. मग रात्री काकांना व्हिडिओ कॉल लावला.

‘परवाना?’ काकांनी पहिलाच प्रश्न विचारला.

‘इथे लागत नाही, काका. १९६८ च्या त्यांच्या कायद्यात ठासणीची नक्कल ही बंदूक धरलेलीच नाही. कुरियरवाला दारात ठेवून गेला.’

काका बराच वेळ बोलले नाहीत. पुतण्याला वाटलं नेटवर्क गेलं. मारुतीस्तोत्र चालू होतं.

‘दारात,’ ते शेवटी म्हणाले. ‘म्हणजे हवालदारसुद्धा नाही. बाळा, आता तुझा हवालदार मीच.’

त्या रात्रीपासून शिकवणी सुरू झाली. बंदूक आणि दारू एका खोलीत आणायची नाही, ही पहिली इयत्ता. पुतण्याने दुकानातून दारूचा डबा आणला तेव्हा काकांनी तो कॅमेऱ्यासमोर धरायला लावला. ‘जवळ. अजून जवळ. लेबल वाच. काळी दारूच आहे ना? बिनधुराची नाही ना?’ १८८४ साली फ्रान्सच्या पॉल व्हिएलने बिनधुराची दारू शोधली, आणि तेव्हापासून जुन्या नळीत नवी दारू भरून नळी फोडणाऱ्यांची सोय झाली, हे काकांचं मत. ती दारू दाब कितीतरी जास्त करते. काळ्या दारूसाठी बनवलेली नळी तो सोसत नाही. पुतण्या म्हणाला, ‘काका, दुकानदाराने स्वतः बघून दिलीय.’ काका म्हणाले, ‘बोटं दुकानदाराची आहेत का?’

भरण्याची तालीम दारूऐवजी रव्यावर झाली. बोर्डीत रात्र, इंडियानात सकाळ. पुतण्या नळीत रवा टाकायचा, काका पडद्यातून ‘थांब, तोंड बाजूला’ म्हणायचे, आणि सूनबाई मागून विचारायच्या, आज उपमा होणार की नाही. काकांनी तिलाही कामाला लावलं: बंदूक भरत असताना त्याच्याशी बोलायचं नाही. लक्ष उडालं की माणूस विसरतो, दारू टाकली की नाही. विसरला की पुन्हा टाकतो. इथे काका गेटिसबर्ग काढायचे. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या १८६३ च्या त्या लढाईनंतर रणांगणावरून हजारो बंदुका गोळा केल्या. कितीतरी बंदुकांत एकावर एक बार ठासलेले निघाले, एकीत तर तेवीस, असं सांगतात. ‘तेवीस!’ काका म्हणायचे. ‘तो शिपाई प्रत्येक वेळी समजत होता की बार निघाला. का? कारण शेजारच्याचा निघत होता.’

फुरसतीच्या दिवशी ते इतिहासही शिकवत. केपची कल्पना ज्यातून निघाली ती युक्ती एका स्कॉटिश पाद्र्याची. अलेक्झांडर फोर्सिथ त्याचं नाव. चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरची रंजक पेटते, मग आतली दारू; तेवढ्या लखलखाटात पाखरं उडून जायची. वैतागून त्याने ठोसून पेटणारी दारू वापरायला घेतली आणि १८०७ साली पेटंट मिळवलं. ‘पाद्री असून बंदुकीच्या मागे लागला तरी म्हातारपणी गेला,’ काका म्हणायचे, ‘म्हणजे थांबणारा होता.’

अखेर मैदानावर जायची परवानगी मिळाली, आणि तीही दोन अटींवर: डोळ्यांवर चष्मा, कानांवर संरक्षण, आणि शेजारी जाणता माणूस. ‘या तीन झाल्या,’ पुतण्या म्हणाला. ‘थांब, मोजू नकोस,’ काका म्हणाले. मैदानाच्या दारात नियमांची पाटी होती. पुतण्याने फोटो पाठवला, काकांच्या मुलीने तो मराठीत वाचून दाखवला. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, शिंगातून थेट नळीत नाही, केप सगळ्यात शेवटी, बार न निघाल्यास थांबा. काका ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. ‘माझंच ऐकून लिहिलंय,’ ते म्हणाले. हल्ली ती पाटी बोर्डीतल्या घरात चौकटीत लावलेली आहे, रिकाम्या खुंटीवर. येणाऱ्याला ते ती आपली छापून आलेली चोपडी असल्याच्या थाटात दाखवतात आणि एवढंच जोडतात, ‘स्तोत्राचं तेवढं लिहायचं राहिलंय त्यांच्याकडून.’

त्या दिवशी मध्यरात्री फोन वाजला. घर जागंच होतं. काकूंनी देवापुढे दिवा लावला होता, काका त्या दिव्यापासून लांब बसले होते.

‘काका, पाच बार काढले.’

‘हं.’

‘पहिला नेमाच्या पाटीवरून गेला. दुसरा पाटीखालून. तिसरा, चौथा कुठे गेला ते कळलं नाही, मागे मातीचा बांध आहे तिथेच असणार. पाचवा शेजारच्याच्या पाटीला लागला. तो शेजारी खूश झाला, त्याचे गुण वाढले.’

‘साफ केलीस?’

‘आत्ताच. गरम पाणी, साबण, तेल. गज घालून बघितलं, दोनदा.’

‘बोटं?’

पडद्यावर पुतण्याने दोन्ही पंजे पसरले. काकांनी गळ्यातला वाचायचा चष्मा लावला आणि डावीकडून एकेक करून मोजली. मग उजवीकडून.

‘झालं तर मग,’ ते म्हणाले. ‘नेम लागला.’